सेल्फ गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

‘सेल्फ गेलाय, नवा टाका.’ या चार शब्दांइतकं आळशी निदान मी दुसरं ऐकलेलं नाही. हायवेवर ते हल्ली इतक्या सहज कानावर पडतं की ट्रकवाले त्यालाच निदान मानू लागलेत. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला फेर देणारी स्टार्टर मोटर. चावी फिरवली आणि ती फिरली नाही, की ‘गेली’. काय गेलं, का गेलं, किती गेलं, हे कुणी विचारायचं नाही. बिल फाडायचं, जुना सेल्फ कोपऱ्यात ढकलायचा, नवा खोक्यातून काढून बसवायचा. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. पान्याशी माझा संबंध ट्यूबलाइटच्या स्टार्टरपुरता. तरी या विषयावर लिहितोय, कारण या चार शब्दांनी ज्यांच्या हातचं काम काढून घेतलं जातंय, त्यातली बरीच पोरं माझ्या वर्गातून गेलेली आहेत.

बाहेरच्या वाचकांसाठी काशीगाव सांगतो. मुंबईहून अहमदाबादकडे निघालेला महामार्ग दहिसर ओलांडून मिरा-भाईंदरच्या हद्दीत शिरतो आणि काशीमिऱ्यावरून पुढे जातो. थोडं पुढे वरसाव्याला ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता त्याला मिळतो, मग खाडीवरचा पूल, मग वसई, मग गुजरात. बंदरातून निघालेले कंटेनर, सिमेंट, रंगाचे डबे, कापडाच्या गाठी, सगळं या पट्ट्यातून जातं. अलीकडे मेट्रो ९च्या एका स्थानकाला आमच्या गावाचं नाव मिळालं, त्यामुळे बिल्डरांच्या जाहिरातींत काशीगाव दिसू लागलं. त्याआधी ते ट्रकवाल्यांना माहीत होतं. टायरवाला, पाट्यावाला, रेडिएटरवाला, बॅटरीवाला, लेथवाला आणि ज्याला सगळे वायरमन म्हणतात तो ऑटो इलेक्ट्रिशियन. नाक्याच्या आसपास या लोकांच्या टपऱ्या आहेत, आणि त्यांच्या पाट्यांवरची नावं वाचली तर त्यातली निम्मीअर्धी आपल्या मोहल्ल्यातली निघतात.

इथे सेल्फ न उठणं ही किरकोळ गोष्ट नाही. गायमुखच्या चढावर एक लादलेली गाडी बंद पडून पुन्हा चालू झाली नाही, तर घोडबंदर रस्ता तासन्‌तास तुंबतो, हे ठाण्याला नोकरीला जाणारा प्रत्येक माणूस सांगेल. छोट्या गाडीला चार माणसं धक्का मारतात. सोळा टनांच्या गाडीला कोण मारणार?

आता यंत्राकडे येऊ. थोडं बारकाईने सांगतो, कारण ‘नवा टाका’वाल्यांची सगळी मिजास समोरच्याला यातलं काही कळत नाही या भरवशावर चालते.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा साधारण सोळा-अठरा पटीने दाबली जाते, त्या दाबाने ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेट घेतं. म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी कुणीतरी ते पुरेशा वेगाने फिरवून ही दाबादाबी घडवायला हवी. पूर्वी समोर हँडल घालून माणूस फिरवायचा, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९११ साली विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसला. हा केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवायचं काम करत होता. तिथे त्याला जे कळलं तेच त्याने इथे वापरलं. मोटरीला दिवसभर काम करायचं नसेल, दोन-चार सेकंदांचाच झटका द्यायचा असेल, तर छोट्या मोटरीतूनही तिच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त जोर काढून घेता येतो. फक्त नंतर तिला थंड होऊ द्यायचं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, दहा-पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नको, मधे दम घे. चावी धरून बसणारा माणूस आपल्या हाताने आर्मेचर जाळत असतो.

ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. सेल्फ मारताना त्यातून शेकडो अँपिअर वीज जाते, आणि खरी गोम इथेच आहे. दहावीच्या मुलाला ओहमचा नियम पाठ असतो: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. समजा धारा ३०० अँपिअर आणि वाटेत कुठल्या तरी गंजलेल्या जोडात रोध ओहमचा फक्त शंभरावा भाग. गुणाकार करा, तीन व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. भाराखाली बॅटरी आधीच एकोणीस-वीसवर उतरलेली असते. सेल्फपाशी सोळा-सतरा पोहोचतात. मोटर चांगली, बॅटरी चांगली, पण इंजिन म्हातारबुवांसारखं कण्हत फिरतं आणि पेट घेत नाही. मग म्हणतात, सेल्फ गेला.

मी शाळेत हा नियम तीन भाषांत ऐकतो. मराठी माध्यमाच्या वर्गात ‘विद्युतधारा’ आणि ‘रोध’. उर्दू माध्यमात ‘बर्की रौ’ आणि ‘मुजाहमत’. आणि नाक्यावरच्या गॅरेजात ‘करंट’ आणि ‘कॉन्टॅक्ट धरत नाय’. तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत. मुजाहमतीची व्याख्या लिहिता न आल्याने नापास झालेला मुलगा सेल्फ मारायला सांगतो, मग केबलच्या टोकावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ‘उस्ताद, इधर गरम है.’ तो रोध शोधत असतो. जिथे रोध तिथे उष्णता, हेही आमच्याच पुस्तकात आहे, पण परीक्षेत त्याला बोट लावायला मिळत नाही.

गेल्या हिवाळ्यातला एक प्रसंग. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांची जुनी सहा सिलिंडरची १६१३ आहे, एकच गाडी, स्वतःच चालवतात. सकाळी चावी मारली की एक जाड ‘टक’, मग शांतता. चौथ्या-पाचव्यांदा कशीबशी उठायची. हायवेवरच्या एका चकचकीत वर्कशॉपने पाच मिनिटांत निकाल दिला: सेल्फ बदला, आणि जमल्यास बॅटऱ्याही. पाच मिनिटांत मीटर बाहेर निघाला नव्हता, बोनटखाली हात गेला नव्हता. आकडा ऐकून हा माणूस मुलीची फी पुढच्या महिन्यात भरली तर चालेल का हे विचारायला माझ्याकडे आला, म्हणून मला हे सगळं कळलं. मी त्याला नाक्यावरच्या टपरीत नेलं, जिथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. विज्ञानात दोनदा राहिलेला.

त्याने काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाकांपुढेमागे लाकडं टाकली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून उघड्या लोखंडावर धरली आणि मालकाला चावी मारायला लावली. ही वाट चांगली असेल तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास काटा राहायला हवा. इथे दोनच्या वर गेला. म्हणजे परतीच्या वाटेवर, ज्याला आपण अर्थ म्हणतो तिथे, वीज अडत होती. चासीपासून इंजिनाला येणारी विणलेली पट्टी गंजून अर्धी तुटली होती आणि बोल्टखाली तेलकट मातीचा थर होता. पट्टी नवी टाकली, जागा घासून घट्ट केली. गाडी सुधारली, पण पोराचं समाधान झालं नाही. ‘टक’ अजून मधेच येत होता. तेव्हा मात्र त्याने बॅटरीची मायनस केबल काढली आणि सेल्फ उतरवला. हा दहा-बारा किलोंचा ऐवज आडवा झोपून, डोक्यावर तोलत उतरवावा लागतो, हे बिलात कुणी लिहीत नाही.

उघडल्यावर दिसलं ते असं: कार्बन झिजून इतके आखूड झालेले की स्प्रिंगचा दाब पुरत नव्हता. कम्युटेटरवर चऱ्या पडलेल्या. मागच्या बाजूचा पितळी बुश अंडाकृती झालेला, त्यामुळे आर्मेचर एका अंगाला कलून आतल्या लोखंडावर किंचित घासत होता. सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे तुकडे जळून खड्डे पडलेले. आर्मेचर त्याने ग्राउलरवर ठेवला आणि वरून हॅकसॉची पट्टी फिरवली. कुठे कॉइल शॉर्ट असती तर पट्टी तिथे थरथरली असती. नाही थरथरली. म्हणजे या मोटरीचं महाग अंग, तिचं तांबं, धडधाकट होतं. गेलं होतं ते झिजण्यासाठीच बनवलेलं. कार्बन मऊ असतो तो मुद्दामच, त्याने झिजावं आणि तांब्याला वाचवावं म्हणून. कार्बन संपला म्हणून सेल्फ फेकणं म्हणजे तळवा झिजला म्हणून पाय कापणं.

शेजारच्या लेथवाल्याकडून कम्युटेटर हलका तासून आणला, पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली खरवडला, काचेच्या पेपरने साफ केला. एमरी पेपर त्याने घेतला नाही. मी विचारलं का, तर म्हणाला त्याची कणी तांब्यात रुतून बसते आणि नवे कार्बन खाते. हे त्याला कुणी शिकवलं? उस्तादाने. उस्तादाला कुणी? त्याच्या उस्तादाने. नवे कार्बन, नवा बुश, सोलेनॉइडला नवे कॉन्टॅक्ट. दुपारच्या नमाजाला गेलेला मालक असरच्या आधी गाडी घेऊन गेला. फी त्याच महिन्यात भरली गेली, हे मी आनंदाने नोंदवतो.

कुणी म्हणेल, एका गाडीवरून काय सिद्ध होतं? एका गाडीवरून एवढंच दिसतं की ‘बदला’ हे उत्तर प्रश्न विचारण्याआधी दिलं गेलं होतं. आणि त्या गाडीला नवा सेल्फ टाकला असता तर काय झालं असतं? अर्थची पट्टी गंजलेलीच राहिली असती. नवा सेल्फ दोनेक महिने ओढला असता, मग तोही तापून कुरकुरला असता. दुसरा नमुना याहून वाईट असतो. सेल्फचा छोटा दातेरी गिअर ज्या मोठ्या चक्राला भिडतो त्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजतात. इंजिन बंद होताना कुठल्या तरी सिलिंडरच्या दाबाला अडून थांबतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा रिंगवर तीनच. म्हणून दात सगळीकडे नाही, तीन ठिकाणी खाल्ले जातात. गाडी कधी उठते, कधी नुसता ‘खर्रर्र’ आवाज येतो, गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली की पुन्हा उठते. जाणकार मिस्त्री आवाज ऐकूनच रिंग बघतो. काही इंजिनांत ती तापवून काढून थोडी फिरवून बसवली तर वर्षं निघतात. ‘नवा टाका’वाला अशा रिंगवर नवाकोरा सेल्फ चढवतो आणि रिंग त्याचे दात चावून टाकते.

नवा सेल्फ कधी घ्यावाच लागतो, हे मी नाकारत नाही. आर्मेचरची कॉइल जळून वास मारत असेल, बॉडीला तडा गेला असेल, पुढचं तोंड फुटलं असेल, आधीच्या चार दुरुस्त्यांनी कम्युटेटर इतका तासला गेला असेल की आता तासायला काही उरलं नाही, तर नवा घ्या. आतून गिअरने वेग उतरवणारे नव्या पद्धतीचे सेल्फ वजनाला हलके असतात, करंटही कमी ओढतात. जुन्या गाडीला तसा बसत असेल आणि परवडत असेल तर खुशाल बसवा. पण ते उघडून, मोजून, दाखवून ठरवा. डॉक्टर एक्स-रेशिवाय पाय कापायला निघाला तर आपण दवाखाना डोक्यावर घेतो.

आणि हो, आपल्या बाजूचा कचराही मला दिसतो. दुसऱ्याच मोटरीचे कार्बन कानशीने घासून कोंबणारे, केबलच्या टोकाला नुसती तार गुंडाळून टेप मारणारे, गाडी गिअरमध्ये आहे का हे न बघता सोलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर आडवा लावून सेल्फ मारणारे आपल्याच नाक्यावर आहेत. त्या शेवटच्या प्रकारात ट्रक अंगावर येतो, आणि माणूस खाली असतो. ब्रँडेड खोक्यात बनावट माल विकणारेही आपल्याच ओळखीचे असतात. याला ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने मिरवणारे लोक मला ‘नवा टाका’वाल्यांइतकेच खटकतात. जुगाड हा शब्द कारागिराची तारीफ वाटतो, पण तो त्याच्या ज्ञानावर पाणी फिरवतो. ग्राउलरवर आर्मेचर तपासणं जुगाड नाही. व्होल्ट कुठे गळतात हे मोजणं जुगाड नाही. तेच काम पांढऱ्या कोटात केलं तर त्याला तंत्रज्ञान म्हणतात.

मग हे ज्ञान बाजूला कसं पडत चाललं? एक कारण धंद्याचं आहे. तुमचा ‘गेलेला’ सेल्फ वर्कशॉप जमा करून घेतं, तेव्हा तो भंगारात जातो असं तुम्हाला वाटतं. तांबं भरलेली वस्तू इतक्या सहज कोण फेकेल? अशा अनेक मोटरी दुरुस्ती करणाऱ्याकडे जातात, कार्बन-बुश-बेंडिक्स बदलून, धुऊन, रंग मारून ‘रिकंडिशन’ म्हणून परत बाजारात येतात. या व्यवहारात मला काही गैर वाटत नाही, जगभर चालतो. पण मग दुरुस्ती अशक्य होती असं मालकाला का सांगितलं? दुरुस्ती शक्य होती, फक्त तिचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जायचा होता.

दुसरं कारण वरून येतं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. आरोप असा होता की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं या कंपन्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत आणि ग्राहकाला आपल्याच दारात बांधून ठेवतात. प्रकरण कारचं होतं आणि पुढे अपिलात गेलं, पण रोग ओळखला गेला होता. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांवर भर दिला त्यात वाहनंही होती. चांगलं आहे. पण नाक्यावरच्या वायरमनला या हक्काचं नावही कुणी सांगितलेलं नाही, आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांसमोर तो स्कॅनरविना उभा आहे. जुन्या गाड्यांवर त्याचा जीव आहे याचं हेही एक कारण. त्या गाड्या उघडतात, त्याच्याशी बोलतात.

इथे पर्यावरणवाले मित्र मला अडवतील: जुना डिझेल ट्रक धूर ओकतो, त्याचा सेल्फ दुरुस्त करून काय मिळवलंत? प्रश्न खोटा नाही. काशीगावची पोरंही तोच धूर पितात, आणि जी गाडी कण्हत कण्हत उठते ती उठतानाच काळा-पांढरा ढग सोडते. पण गाडी रस्त्यावर राहावी की नाही हे धुराच्या आणि फिटनेसच्या तपासणीने ठरवा. सरकारने त्यासाठी दबाव वाढवलेलाच आहे. १ एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड वाहनाच्या फिटनेस नूतनीकरणाची फी केंद्राच्या नियमांत साडेबारा हजार झाली. जी गाडी ती परीक्षा पास होते, तिच्या मालकाला दोन कार्बनच्या तुकड्यांसाठी लुटून हवा स्वच्छ होत नाही. उलट कर्जात बुडालेला मालक इंजेक्टर आणि एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करतो, आणि धूर वाढतो.

आता कटू भाग. हे ज्ञान बुडतंय त्याला आपला समाजही तेवढाच जबाबदार आहे. समाजमाध्यमांवर मुसलमानाला ‘पंक्चरवाला’ म्हणून हिणवलं जातं तेव्हा आपण चवताळतो. पण चवताळून उत्तर काय देतो? ‘आमच्यातही डॉक्टर आहेत, आयएएस आहेत.’ म्हणजे पंक्चर काढणं ही शिवीच आहे, हे आपण मान्य करून टाकलं! आमच्या घरात आई अभ्यास न करणाऱ्या मुलाला धमकी काय देते? ‘गॅरेजला टाकीन.’ स्टाफरूममध्येही हेच वाक्य ऐकू येतं. निकाहाच्या बोलणीत मुलगा ‘मोटर लाईनमध्ये आहे’ असं पुटपुटलं जातं, आणि मुलीकडच्यांचा चेहरा उतरतो. सच्चर समितीने २००६मध्ये सांगितलं की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारावर जगतात. त्यावर परिसंवाद झाले, भाषणं झाली, सगळ्यांनी नोकऱ्यांतलं प्रमाण मागितलं. मागायलाच हवं. पण जे हातात आहे त्या कसबाला दर्जा द्या, त्याचं शास्त्र आपल्या भाषेत लिहा, असं किती जलशांत कुणी म्हटलं?

बीएडला आम्हाला नई तालीम होती. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला, इथल्याच महाराष्ट्राच्या मातीत, गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. उद्योगातून शिक्षण द्यायचं ठरलं, आणि त्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. जाकिर हुसैन. जो माणूस पुढे राष्ट्रपती झाला, त्याने हाताच्या कामाला शाळेच्या मध्यभागी बसवायचा आराखडा लिहिला. आम्ही त्याच्यावर दहा गुणांची टिपण लिहून पास झालो आणि शाळेत येऊन खडू उचलला. आमच्या वर्गातून गॅरेजात गेलेल्या एकाही मुलाला कुणी सांगितलं नाही की तू जे करतोस ते त्या आराखड्याच्या जवळ आहे, आणि तुझा नापासाचा शिक्का त्याच्यापासून लांब.

आयटीआयचं दारही बघा. मेकॅनिक डिझेल हा वर्षाचा कोर्स आहे आणि त्याला दहावी पास लागते. म्हणजे ज्याने पाच वर्षं सेल्फ उघडले आहेत तो ‘मुजाहमत’ची व्याख्या न आल्याने बाहेर, आणि ज्याने सेल्फ कधी पाहिला नाही तो आत. आधी शिकलेल्याला मान्यता देण्याची योजना कागदावर आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिला जागा आहे. पण तिचं प्रमाणपत्र आमच्या नाक्यावरच्या एकाही भिंतीवर मला अजून दिसलेलं नाही, हनुमानाचं कॅलेंडर आणि आयतुल कुर्सी मात्र शेजारी शेजारी दिसते.

उस्तादांनाही दोन शब्द. चौदा वर्षांखालचा ‘छोटू’ टपरीत ठेवणं गुन्हा आहे आणि गुन्हाच असायला हवा. ‘आम्हीपण असेच शिकलो’ हे कारण चालणार नाही. तुम्ही शिवीगाळ खात शिकलात, बोट गमावून शिकलात, म्हणून शागीर्दानेही तसंच शिकावं असा काही नियम नाही. पोराला चष्मा द्या, गाडीखाली घालण्याआधी चाकाला लाकूड लावा, आणि मुख्य म्हणजे का करतोय ते सांगा. एमरी पेपर का नको, हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. आणि आम्हा मास्तरांपैकी कुणी तुमच्या टपरीत येऊन ते मराठीत, उर्दूत उतरवून घ्यायला लागला, तर त्याला स्टूल द्या. मी येतो आहे. आठवी-नववीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवण्याआधी विज्ञानाच्या सरांनी एक गंजलेली अर्थची पट्टी वर्गात आणावी, असं मी त्यांना सांगितलंय. पट्टी मी देणार आहे.

आणि ट्रकमालकांनो, तुमच्या हातात सध्या एवढं नक्की आहे. कुणी ‘सेल्फ गेला’ म्हणालं की विचारा, बॅटरी भाराखाली किती दाखवते? अर्थवर किती व्होल्ट पडतात? कार्बन किती उरलाय, दाखवा. आर्मेचर ग्राउलरवर लावला का? रिंगचे दात पाहिले का? एवढं विचारूनही नवाच टाकायचा ठरला, तर पैसे देताना जुना सेल्फ परत मागा. काउंटरवरचा माणूस म्हणेल, तो जमा करावा लागतो. त्याला शांतपणे विचारा, जमा कुठे होतो, आणि त्याचे माझ्या बिलातून किती वजा केलेत.